लाल दिवा का विझत नाही?

आमच्या एका स्नेह्यांकडे १९५७ सालची मॉरिस मायनर गाडी आहे. माध्यमिक शाळेत तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले. आम्ही त्यांना सरच म्हणतो. गाडी त्यांच्या वडिलांची. काटेकोरपणे बोलायचे तर मोटारींचे शौकीन १९३० सालापर्यंतच्याच गाड्यांना 'व्हिंटेज' म्हणतात. पण गल्लीतल्या मुलांच्या लेखी सरांची गाडी व्हिंटेजच आहे.

मध्यंतरी डायनॅमोतून खरखर येऊ लागली म्हणून सरांनी तो एका दुकानात दुरुस्तीला दिला. तिथे तो पूर्ण उघडला गेला. आतली वेटोळी काढून त्यांवर नवी टेप गुंडाळली, बुश बदलले. पुढे सरांच्या आजारपणामुळे डायनॅमो सहा-सात महिने तसाच पडून राहिला. नंतर तो गाडीत बसवला तेव्हा वेगळेच दुखणे सुरू झाले. इंजिन चालू होऊन वेग घेतला तरी समोरचा लाल दिवा विझेना. चार-सहा दिवसांत बॅटरी उतरली. नवी आणली, तीही उतरली. मग सल्ला मिळाला, "डायनॅमो मेला आहे. तो फेका आणि अल्टरनेटर बसवून घ्या." तसे करण्यापूर्वी एकदा आपण स्वतः पाहू, म्हणून सरांनी आम्हाला बोलावले.

मोटारीची दुरुस्ती हा आमचा व्यवसाय नव्हे. पण प्रयोगशाळेत बंद पडलेली उपकरणे आम्ही पुष्कळ उघडली आहेत आणि त्यातून एक गोष्ट शिकलो आहोत. यंत्रातला प्रत्येक भाग कोणाला तरी पडलेल्या एका प्रश्नाचे उत्तर असतो. तो प्रश्न कळला की भाग काय काम करतो ते कळते, आणि काम कळले की ते होते आहे की नाही हे तपासता येते. म्हणून सरांच्या गाडीचा दोष शोधण्याआधी हे प्रश्न कोणत्या क्रमाने उभे राहिले ते पाहू.

पहिला प्रश्न : बॅटरी भरायची कशाने?

सुरुवातीच्या मोटारींत विजेचे मुख्य काम म्हणजे पेट्रोल पेटवणारी ठिणगी. तेवढे मॅग्नेटोवर किंवा घटांवर भागत असे. दिवे बहुधा कार्बाइडच्या वायूवर जळत. इंजिन सुरू करायला पुढे उभे राहून हँडल मारावे लागे. इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडण्याचा धोका असे.

हे हँडल घालवले अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी. तरुणपणी काही काळ ते शाळामास्तर होते. मोटारीकडे वळण्याआधी त्यांनी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्राला विजेची मोटर बसवली होती. तिथे त्यांच्या ध्यानात आले, की मोटरला काही क्षणच काम करायचे असेल तर तिच्यावर नेहमीपेक्षा कितीतरी जास्त भार टाकला तरी चालतो. ती तापायच्या आत काम संपलेले असते. इंजिन फिरवणेही असेच क्षणांचे काम आहे. १९१२ सालच्या कॅडिलॅक गाड्यांमध्ये त्यांचा विजेचा स्टार्टर आला. फोर्डच्या 'मॉडेल टी'ला तो १९१९ पासून मिळू लागला.

ही वीज शिसे आणि आम्लाच्या बॅटरीतून येई. अशी बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये केली आणि १८८१ मध्ये कामिय फोर यांनी तिच्यात मोठी सुधारणा केली होती. पण बॅटरीतून काढलेले परत भरायला हवे. ते किती? वर्गात करण्याजोगे गणित आहे. स्टार्टरने १५० अँपिअर प्रवाह ४ सेकंद घेतला तर विद्युतभार झाला ६०० कूलोम. १० अँपिअर प्रवाहाने तो परत भरायला, गळती सोडली तर, फक्त ६० सेकंद लागतील. याउलट पुढच्या ४२ वॉटच्या दोन दिव्यांना १२ व्होल्टवर ७ अँपिअर लागतात, तेही सतत. स्टार्टरचा घोट मोठा असतो, पण बॅटरी रिकामी करतात ते दिवे. म्हणजे बॅटरीबरोबर इंजिनावर चालणारा जनित्रही हवाच. सरांच्या नव्या बॅटऱ्या का उतरल्या याचे अर्धे उत्तर इथेच मिळते. त्या टाक्या चांगल्या होत्या; नळाला पाणी नव्हते.

दुसरा प्रश्न : सुरुवात कोण करणार?

चुंबकाजवळ तार हलवली की तिच्यात वीज निर्माण होते, हे मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या इपोलित पिक्सी यांनी हाताने फिरवायचे जनित्र केले. या जनित्रांत पोलादाचे कायम चुंबक असत. ते अवजड असत आणि हळूहळू दुबळे होत. विद्युतचुंबक त्यांच्यापेक्षा कितीतरी प्रबळ, पण त्याला वीज द्यावी लागते. वीज निर्माण करायला वीज हवी, मग ती आणायची कुठून?

याचे उत्तर थोड्या काळात अनेकांना सुचले. २४ डिसेंबर १८६६ रोजी सॅम्युएल व्हार्ली यांनी इंग्लंडमध्ये पेटंटसाठी अर्ज केला. १७ जानेवारी १८६७ रोजी वेर्नर सीमेन्स यांचा निबंध बर्लिनच्या अकादमीपुढे वाचला गेला. १४ फेब्रुवारीला लंडनच्या रॉयल सोसायटीत त्यांचे बंधू विल्यम सीमेन्स आणि चार्ल्स व्हीटस्टन या दोघांनी एकाच दिवशी तीच कल्पना मांडली. हंगेरीतील भौतिकशास्त्राचे अध्यापक आन्योश येडलिक यांनी तर असे यंत्र त्याआधीच केले होते, पण ते प्रसिद्ध केले नव्हते.

कल्पना अशी. विद्युतचुंबकाच्या लोखंडातून प्रवाह बंद केला तरी थोडे चुंबकत्व मागे उरते. यालाच आपण अवशिष्ट चुंबकत्व म्हणतो. आर्मेचर फिरू लागले की या अल्प चुंबकत्वामुळे अर्धा-एक व्होल्ट दाब निर्माण होतो. हाच दाब चुंबकाच्या वेटोळ्याला, म्हणजे फील्ड कॉइलला, जोडला तर तिच्यातून थोडा प्रवाह वाहतो. त्याने चुंबकत्व वाढते, म्हणून दाब वाढतो, म्हणून प्रवाह वाढतो. सावकाराच्या चक्रवाढ व्याजासारखा हा प्रकार आहे. लोखंड चुंबकत्वाने तृप्त होऊ लागले की वाढ मंदावते. मात्र मूळ मुद्दल, कितीही थोडे असले तरी, शून्य असून चालत नाही. हा मुद्दा वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे तो लागणार आहे.

तिसरा प्रश्न : वेग बदलतो, दाब कसा सांभाळायचा?

सायकलचा डायनॅमो सर्वांच्या परिचयाचा आहे. हळू चालवले तर दिवा मिणमिणतो; उतारावर सायकल सुसाट सुटली की झगमगतो आणि एखादे वेळी बल्ब उडतो. मोटारीचे इंजिन तर मिनिटाला ६००-७०० फेऱ्यांपासून ४००० फेऱ्यांच्या वरपर्यंत जाते. बॅटरीला मात्र ठरावीक दाब लागतो. कमी पडला तर ती भरत नाही, जास्त झाला तर तिच्यातले पाणी उकळल्यासारखे बुडबुडे येऊन आटते.

हा प्रश्न मोटारींच्या आधी आगगाडीच्या डब्यांतील दिव्यांच्या बाबतीत आला होता. १८९०च्या दशकात इंग्लंडमध्ये निघालेल्या स्टोन पद्धतीत डब्याखालचा डायनॅमो असा टांगलेला असे, की वेग एका मर्यादेपलीकडे गेला की पट्टा घसरू लागे आणि डायनॅमोचा वेग तेवढाच राही.

मोटारीत पुढे 'तिसरा ब्रश' आला. डायनॅमोतून प्रवाह वाढला की आर्मेचरचे स्वतःचे चुंबकत्व मूळ क्षेत्राला एका बाजूला खेचते. दोन मुख्य ब्रशांच्या अधेमधे तिसरा ब्रश ठेवून त्यावरून फील्ड कॉइलला वीज दिली, तर या खेचाखेचीमुळे वेग वाढताना फील्डला मिळणारा दाब आपोआप कमी होतो. युक्ती स्वस्त होती आणि फोर्डसह अनेक गाड्यांत होती. पण तिने साधारण स्थिर राही तो प्रवाह, दाब नव्हे. बॅटरी भरलेली आहे की रिकामी, याची तिला खबर नसे. दिवसा लांबचा प्रवास केला तर बॅटरी जास्त भरे. रात्री दिवे लावून गावात फिरले तर उतरे. म्हणून ऋतू आणि वापर पाहून तिसरा ब्रश हाताने सरकवावा लागे.

चांगले उत्तर आले ते थरथरणाऱ्या संपर्काच्या रेग्युलेटरने. वीजकेंद्रांत ही कल्पना २०व्या शतकाच्या सुरुवातीपासून होती. दाब ठरलेल्या मर्यादेवर गेला की एक लहान विद्युतचुंबक पोलादी पट्टी ओढतो आणि संपर्क उघडतो. फील्डच्या वाटेत रोध येतो, चुंबकत्व घटते, दाब उतरतो, पट्टी सुटते, संपर्क पुन्हा जुळतो. सेकंदाला कित्येक वेळा हे घडते आणि सरासरी दाब जागेवर राहतो. मॉरिस मायनरमधील ल्युकसच्या पेटीत याच चुंबकावर जाड तारेचे काही वेढेही असतात. बॅटरी रिकामी असून फार प्रवाह खेचू लागली की त्या वेढ्यांमुळे संपर्क लवकर उघडतो, आणि सुमारे १९ अँपिअर क्षमतेचा तो लहान डायनॅमो जळण्यापासून वाचतो. संपर्काच्या पट्टीला ताण देणारी स्प्रिंग दोन धातूंची असते. थंडीत बॅटरी भरायला थोडा जास्त दाब लागतो, तेवढा ती वाढवून देते. दोन धातूंच्या पट्टीचा प्रयोग आपण वर्गात उष्णतेच्या धड्यात करतो. तीच पट्टी इथे कामाला आहे.

चौथा प्रश्न : वीज उलटी वाहू लागली तर?

इंजिन मंद झाले की डायनॅमोचा दाब बॅटरीपेक्षा खाली जातो. जोडणी तशीच राहिली तर बॅटरीच डायनॅमोत रिती होईल. म्हणून दोघांमध्ये 'कटआउट' असतो. डायनॅमोचा दाब सुमारे १३ व्होल्टवर गेला की त्याचा चुंबक जोडणी करतो. प्रवाह उलटा वाहू लागला की ती तुटते. ल्युकसच्या पेटीत रेग्युलेटर आणि कटआउट शेजारी शेजारी बसवलेले असतात.

आता लाल दिवा. त्याचे एक टोक किल्लीमार्गे बॅटरीला आणि दुसरे डायनॅमोच्या 'डी' टोकाला जोडलेले असते. इंजिन बंद असताना डायनॅमोकडे दाब नसतो. दिव्याच्या दोन टोकांत १२ व्होल्टचा फरक पडतो आणि तो पेटतो. डायनॅमोचा दाब बॅटरीइतका झाला की फरक उरत नाही, दिवा विझतो. म्हणजे हा दिवा बॅटरी चांगली की वाईट हे सांगतच नाही. दोन ठिकाणच्या विद्युतदाबांत फरक आहे एवढेच सांगतो. विभवांतर म्हणजे काय हे समजावून सांगायला याहून चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. सरांचा दिवा सांगत होता, की डायनॅमोच्या टोकाशी दाबच नाही. सल्ला मात्र आधी बॅटरी बदलण्याचा मिळाला होता.

सरांच्या गाडीपाशी

सर्वांत आधी पट्टा पाहिला. अंगठ्याने दाबल्यावर बेताचाच दबत होता, घसरत नव्हता. मग दोष डायनॅमोत की पेटीत, हे वेगळे करायचे होते. त्याची रीत सोपी आहे. डायनॅमोच्या 'डी' आणि 'एफ' या टोकांवरच्या दोन्ही तारा काढायच्या, ती दोन टोके लहान तारेने एकमेकांना जोडायची, व्होल्टमीटर त्यांच्यात आणि गाडीच्या अंगात लावायचा आणि इंजिनाचा वेग हळूहळू वाढवायचा. आता पेटी वाटेतून दूर झाली. डायनॅमो स्वतःच स्वतःला वीज देणार. मात्र लगामही सुटला. म्हणून २० व्होल्टच्या पलीकडे काटा जाऊ द्यायचा नाही आणि वेग फार वाढवायचा नाही.

या एका मापनात पुष्कळ माहिती असते. दाब झरझर वाढला तर डायनॅमो ठीक, दोष पेटीत किंवा तारांत. अर्धा ते एक व्होल्ट दिसून काटा तिथेच थांबला तर अवशिष्ट चुंबकत्व आपले काम करते आहे, पण फील्ड कॉइल साथ देत नाही. चार-पाच व्होल्टवर अडला तर आर्मेचरवर संशय घ्यावा. काहीच दिसले नाही तर ब्रश पाहावेत.

आमचा काटा शून्यावर होता. ब्रश पाहिले; ते मोकळे सरकत होते आणि स्प्रिंगा ताठ होत्या. कम्युटेटर फडक्याने पुसला. पुन्हा शून्य. फील्ड कॉइलचा रोध मोजला, सुमारे ६ ओहम. म्हणजे तार अखंड होती. आर्मेचरही अखंड होते. प्रत्येक भाग शाबूत आणि बेरीज मात्र शून्य!

आम्ही सरांकडे पाहिले. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "अहो, हा तर आठवीचा धडा आहे. चुंबक आपटला, ठोकला किंवा तापवला तर त्याचे चुंबकत्व जाते. दुकानात वेटोळी काढताना आतले लोखंडी ध्रुव ठोकूनच सोडवले असणार. डायनॅमो मेला नाही, त्याचे मुद्दल गेले आहे."

मुद्दल परत द्यायला काही पैसे पडत नाहीत. डायनॅमोच्या टोकांवरच्या तारा सुट्या ठेवून बॅटरीच्या अंगाला न जोडलेल्या टोकापासून एक तार 'एफ'ला क्षणभर टेकवायची. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या अंगाला जोडलेले असे, म्हणून इथे ही तार ऋण टोकाची. दिशा चुकली तर डायनॅमो उलट्या ध्रुवतेचा होतो. कटआउटने जोडणी केली की बॅटरी आणि तो एकसर होऊन मोठा प्रवाह वाहतो आणि संपर्क वितळून चिकटू शकतात. सरांनी तार दोन-तीन वेळा टेकवली. बारीक ठिणगी उडाली. इंजिन सुरू केले. काटा हलला, एकावर गेला, मग भराभर बारा, पंधरा. आम्ही लगेच वेग कमी केला. तारा पूर्ववत जोडल्या, इंजिनाचा वेग जरा वाढवला आणि लाल दिवा विझला. बॅटरीच्या टोकांवर सुमारे १४ व्होल्ट दिसत होते.

अल्टरनेटर आला तरी

डायनॅमोची जागा अल्टरनेटरने घेतली ती सबळ कारणांनी. डायनॅमोत मुख्य प्रवाह फिरत्या भागात निर्माण होतो आणि तो सगळा कम्युटेटर व ब्रशांतून बाहेर काढावा लागतो. इंजिन मंद असताना त्याच्याकडून जवळजवळ काहीच मिळत नाही. गर्दीत दिवे लावून थांबणाऱ्या गाडीची बॅटरी त्यामुळे उतरे; आपल्याकडच्या जुन्या फियाट आणि अँबॅसडरच्या चालकांनी हे अनुभवले आहे. अल्टरनेटरमध्ये चुंबक फिरतो आणि मुख्य वेटोळी स्थिर राहतात. ब्रशांतून जातो तो फक्त फील्डचा लहानसा प्रवाह. पण त्यातून निघतो प्रत्यावर्ती प्रवाह, आणि बॅटरीला हवा एकदिश. ही अडचण स्वस्त, टिकाऊ सिलिकॉन डायोडांनी सोडवली. क्रायस्लरने १९६० सालच्या 'व्हॅलियंट' गाडीला अल्टरनेटर दिला आणि पुढच्या काही वर्षांत इतरांनीही तोच मार्ग धरला. डायोड उलटा प्रवाह जाऊच देत नाहीत, म्हणून कटआउटचीही गरज उरली नाही. चौथा प्रश्न असा मिटला.

दुसरा प्रश्न मात्र पुष्कळ काळ टिकून राहिला. पुष्कळ अल्टरनेटरांत फील्डला पहिला प्रवाह मिळतो तो त्याच लाल दिव्यातून. तो बल्ब गेला तर मंद वेगाला काही गाड्यांचे चार्जिंग सुरूच होत नाही. १८६६-६७ मध्ये विचारलेला प्रश्न, 'सुरुवात कोण करणार?', नव्या यंत्रातही कुणाला तरी सोडवावाच लागतो.

शिक्षकांना दोन सूचना. बॅटरीजवळ काम करताना ठिणगी आणि ज्योत दूर ठेवावी, कारण भरताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. फिरत्या पट्ट्यापासून बाह्या आणि ओढण्या सांभाळाव्यात. चालू इंजिनावर प्रयोग विद्यार्थ्यांच्या हाती मुळीच देऊ नये. सायकलचा डायनॅमो, एक बल्ब आणि व्होल्टमीटर यांवर वेग आणि दाब यांचा संबंध वर्गात उत्तम दाखवता येतो. चाक हाताने हळू फिरवून काट्याची दिशा आलटून पालटून बदलते का ते पाहावे. मग नावाने डायनॅमो असलेले हे यंत्र खरे कोणते, असे मुलांना विचारावे.

सरांनी निघताना एक गोष्ट सांगितली. अवशिष्ट चुंबकत्वावर त्यांनी तीस वर्षे परीक्षेत प्रश्न घातला : व्याख्या लिहा, गुण दोन. मुले लिहीत आणि विसरत. "तो डायनॅमो मी भंगारात देणार होतो," ते म्हणाले, "आणि त्याचा दोष मीच दरवर्षी फळ्यावर लिहीत होतो." ही खंत एकट्या सरांची नाही. आमच्यापैकी अनेकांची आहे. धड्यातले वाक्य आणि दारातले यंत्र यांची गाठ वर्गातच घालून दिली, तर पुढे किती चांगल्या वस्तू भंगारात जाण्यावाचून राहतील!